उशीला लागणार नाही असं काहीतरी

प्रिय दिपेश,

'प्रिय' लिहायचं नव्हतं. पण पत्र दुसऱ्या कुठल्या शब्दाने सुरू करतात ते मला माहीत नाही, आणि तू लगेच म्हणशील, बघ, कॉलेज सोडलं की असं होतं. तर राहू दे प्रिय. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. घरच्या पत्त्यावर पाठवलं तर तुझी आई पाकीट उजेडात धरून वाचेल. म्हणून हे दिग्विजय फोटोवाल्याच्या हाती देतेय. तुझ्या लग्नाचा अल्बम घेऊन तो तुझ्या कंपनीच्या गेटवर येईल, तेव्हा अल्बमच्या पिशवीत हे असेल. अल्बम घरी ने. हे तिथेच कँटीनच्या मागे उभं राहून वाच आणि फाड. घाबरू नकोस, परत ये म्हणणार नाहीये. तेवढी लाज आहे मला. कुठून आली ते विचारू नकोस, तुझ्याकडून नक्कीच नाही.

आधी माझ्या बातम्या घे. मी बोईसरला प्रियंकाताईंच्या पार्लरमध्ये असते, सरावलीच्या रस्त्याला. आई अजून सातपाटीहून रोज विचारते, तिथं केस कापतेस की लोकांची तोंडं रंगवतेस? मी म्हणते, तोंडं रंगवते, तुझ्यासारखे बोंबील टांगण्यापेक्षा बरं. खरं सांगायचं तर माझं सगळं पोट डोळ्याखालच्या दोन बोटं जागेवर चालतं. रातपाळी करून आलेल्या कंपनीतल्या बाया येतात, यूपी-बिहारच्या वहिन्या येतात. 'दीदी, आँख के नीचे का छुपा दो, गाँव में वीडियो कॉल करना है.' गावाकडच्या आईला वाटलं पाहिजे लेक सुखात आहे. मी छुपवते. एवढी छुपवते की ती आई फोनवर म्हणते, अगं तू तर जाड झालीस! आणि ही माझ्या खुर्चीत बसून ढसाढसा रडते आणि माझं सगळं काम वाहून जातं. मग पुन्हा पहिल्यापासून.

हे काम तुला सोपं वाटेल. तुला सगळंच सोपं वाटतं. लोक काय करतात, डोळ्याखाली काळं दिसलं की त्यावर गोरा रंग थापतात. काळ्यावर गोरं लावलं की राख होते. माणूस आजारी होता तो मेलेला दिसायला लागतो. आधी त्यावर नारिंगी लावावं लागतं. तशी कांडी मिळते. नारिंगी काळ्याला खातं, मग त्यावर आपल्या कातडीच्या रंगाचं कन्सीलर बोटाने थोपटून बसवायचं, चोळायचं नाही. शेवटी पावडर. पावडरची एक गंमत तुला सांगते, कारण तिचा पुढे तुझ्याशी संबंध आहे. एक पांढरी पावडर असते, अगदी धुरासारखी हलकी. आरशात लावलेली कळतसुद्धा नाही. पण जास्त झाली आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश पडला की डोळ्याखाली चुन्याचे दोन पट्टे उठतात. मी नवीन असताना केळव्याच्या एका रिसॉर्टवर एका नवरीला ती सढळ हाताने लावली होती. दिग्विजयने कॅमेरा माझ्यासमोर धरला आणि प्रियंकाताई म्हणाल्या, "उन्नती, तुला नवरी करायला सांगितलेली, तू घुबड केलंस." ती डबी त्यांनी मला टाकून द्यायला सांगितली. मी टाकली नाही.

केळव्यावरून आठवलं. सुरूच्या बनातली ती दुपार तुला आठवते का? आठवत असेल तर विसर, मला ती तुझ्यासोबत वाटून घ्यायची नाहीये. मी तेव्हा अंधारात उठून आईबरोबर किनाऱ्यावर जायची, मासळी निवडायची, बोंबील टांगायची, हात लिंबाने घासून कॉलेजची बस धरायची. दुसऱ्या तासाला मान पडायची. त्या दिवशी तू मला गाडीवर बसवून पालघरहून केळव्याला आणलंस. मला वाटलं हा आता काहीतरी फिल्मी करणार. तू दप्तर माझ्या उशाला दिलंस आणि म्हणालास, "झोप." बस, एवढंच. मी उठले तेव्हा ऊन उतरलं होतं, तुझा पाय आखडला होता, कारण तू हललाच नव्हतास. नुसता कुत्री हाकलत बसला होतास. मग माझ्या डोळ्याखाली अंगठा फिरवून म्हणालास, "झोप साचलीय तुझी इथं. थोडी थोडी काढायला पायजे." दिपेश, मला आईबापाने कधी झोप म्हटलं नव्हतं. आमच्याकडे झोपलेल्या पोरीला उठवतात. तू एकट्यानेच झोप म्हटलंस, आणि मी मूर्खासारखी त्या एका शब्दावर सगळं आयुष्य लावून मोकळी झाले.

तोच तू, कॉलेजच्या कँटीनमध्ये तुझ्या त्या दोस्ताने "आला बघ पांडा" म्हटलं तेव्हा आधी हसलास. मग माझं तोंड बघून हसू गिळलंस. मी गिळण्यातली नाही. माझ्या हातातला गरम चहा त्याच्या मांडीवर गेला, आणि तो सांडला नव्हता, मी ओतला होता, हे मी प्राचार्यांनाही स्वच्छ सांगितलं. ते म्हणाले माफी माग. मी म्हटलं, आधी त्याने मागावी. तू मला जिन्यात गाठून, पायरीकडे बघत म्हणालास, "सॉरी बोल ना, काय जातंय तुझं?" माझं सगळंच गेलं त्यात, पण सॉरी नाही गेलं. लोक म्हणतात उन्नतीने डोक्यात राख घालून कॉलेज सोडलं. हो, घातली. पण त्या जिन्यात तू नुसता माझ्या बाजूने उभा राहिला असतास, तर मी त्या दोस्ताच्या पायाही पडले असते. ही गोष्ट तेव्हा मला कळली नव्हती आणि तुला आत्तासुद्धा कळणार नाही.

आणि मग तुझं घर. बोईसरचा तो फ्लॅट. तुम्ही मूळचे नवापूरच्या किनाऱ्यावरचे, तुझी आजी डोक्यावर पाटी घेऊन फिरली, आणि तुझी आई शेजाऱ्यांना वास जाऊ नये म्हणून खिडक्या लावून पापलेट तळत होती. मला हसू आलं होतं. मी तरीही चांगली वागले, पदर नव्हता तर ओढणी डोक्यावर घेतली. त्यांनी मला खिडकीशी बसवलं, "हिथं उजेडात बस गो," म्हणाल्या, आणि मासळीचे कल्ले बघावेत तसं माझं तोंड बघितलं. मग तुला स्वयंपाकघरात बोलावलं. तुमच्या फ्लॅटच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत, दिपेश. मला सगळं ऐकू आलं. "पोर बरी हाय रे. पण तिचे डोले बगितलेस? खाली काळंठिक्कर. आतून काय रोग हाय का? उद्या आमी काय दवाखाने करत बसायचं?" एकच वाक्य बोलायचं होतं तुला. आई, ती पहाटे उठते म्हणून. बाकी काही नको होतं, भांडण नको, धमकी नको. मी बाहेर कान लावून बसले होते आणि मला चमच्याचा आवाज आला. तू कपात चमचा ढवळत होतास. तू बिनसाखरेचा चहा पितोस हे मला माहीत होतं.

त्यानंतर तू "थोडं थांबू या" म्हणालास, आणि मग तू थांबलासच. मी किनाऱ्यावर जायचं सोडलं, बोईसरला खोली घेतली, पोटभर झोपायला लागले. माझी वर्तुळं जाणारी होती. जातही होती. नेमकी तेव्हाच प्रियंकाताईंच्या टेबलावर एक पत्रिका आली, कोपऱ्यांना हळद लावलेली. उमरोळीची दीपाली, आणि चिरंजीव तू. नवरीचा मेकअप आमच्या पार्लरकडे. ताईंना त्याच दिवशी दुसरीकडे जायचं होतं. म्हणाल्या, "जाशील का एकटी?" मी इतक्या पटकन हो म्हटलं की त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. त्या आठवड्यात मी झोपले नाही आणि माझी वर्तुळं परत आली. ती माझी मीच बुजवली, नारिंगी आणि त्यावर कातडीचा रंग. आणि पेटीत सगळ्यात खाली ती पांढरी डबी ठेवली. आता कळलं ना संबंध? तुझ्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तुझ्या शेजारी घुबड उभं करायचं होतं मला. आरशात कुणाला दिसलं नसतं. तुझ्या पोरांनी मोठेपणी विचारलं असतं, पप्पा, मम्मीला काय झालं होतं? मी ठरवून गेले होते, आणि मी ठरवलेलं करते हे तुला माहीत आहे.

दीपालीला आदल्या दिवशीची हळद अजून कानामागे होती. उष्टी हळद. तुझ्या अंगाला लागून उरलेली, तुमच्या घरून ताटात घालून उमरोळीला आलेली. ती पुसायचं काम माझ्याकडे आलं, बघ. तुझ्या अंगावरची हळद दुसऱ्या मुलीच्या तोंडावरून मी कापसाने पुसत होते, आणि कापूस खोबरेल तेलात बुडवताना मला वाटत होतं तेलाऐवजी काहीतरी दुसरं असतं तर. गाल पुसले, कपाळ पुसलं, कापूस पिवळा निघाला. मग डोळ्याखाली आले. तिथे आधी पिवळं निघालं, आणि दुसऱ्यांदा पुसलं तर कापसावर रंग आला, कातडीचा. मी थांबले. हळदीच्या खाली कन्सीलर होतं, दिपेश. त्या मुलीने हळदीला बसतानाही खाली लावून घेतलं होतं. म्हणजे सगळ्या बायकांनी गाणी म्हणत तुझी उष्टी हळद तिला लावली, ती त्या दोन बोटं जागेवर तिच्या कातडीला लागलीच नव्हती.

तिने एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि खोलीतल्या चुलत बहिणींना हाकललं. "ताई, दार लावा ना." मग हात काढले. तिची वर्तुळं माझी होती तशी नाहीत, माझ्यापेक्षा खोल. जागरणाची नाहीत. म्हणाली, "माज्या बाबांना पण हायत, आत्याला पण. लहानपणापासनं. झोपून जात नाय ती." बघायला आलात तेव्हा लावलं होतं, साखरपुड्याला लावलं होतं, तुझ्याबरोबर डहाणूला फिरायला आली तेव्हा लावलं होतं. नारिंगी कांडी म्हणतात ती तिला माहीत नव्हती, तर नारिंगी लिपस्टिक डोळ्याखाली चोळून वर पावडर लावत होती बिचारी, कुठल्या तरी व्हिडिओत बघून. मी विचारलं, एवढं का लपवतेस, सांगून टाकायचं ना. तर ती काय म्हणाली ऐक. म्हणाली, "सासूबाईंनी पहिल्या भेटीतच सांगितलेलं. आदी एक पोरगी आलेली आमच्याकडं, डोल्याखाली काळी, रोगट. आमी सरळ नाय म्हटलं. तुमचं तोंड कसं साफ हाय." आणि मग ती माझा हात धरून विचारते, मला, "ताई, उशीला लागणार नाय असं काय मिळतं का? रात्री पण टिकंल असं?"

माझ्या हातात तो कापूस तसाच होता. ती रोगट पोरगी तिच्या समोर उकिडवी बसून तिचं तोंड पुसत होती आणि तिला पत्ता नव्हता. मला तिची दया आली असं समजू नकोस. मला दया वगैरे लवकर येत नाही. मला राग आला. सातपाटीहून उचलून आणलेला, पेटीत घालून उमरोळीपर्यंत नेलेला सगळा राग तिच्यावरून उठला आणि जिथे जायला पाहिजे होता तिथे गेला. तुमच्या घराने जाणारी वर्तुळं नाकारली आणि न जाणारी वाजतगाजत घरी आणली, यावर मी एकटी असते तर हसले असते. पांढरी डबी पेटीतच राहिली. मी तिला अशी सजवली दिपेश, की तशी मी आजपर्यंत कुणालाच सजवलेली नाही. अल्बम उघडशील तेव्हा बघ. तो चेहरा माझा आहे.

साडी घेऊन तुझी आई आत आली. मी म्हटलं, झालं, आता ओळखणार आणि तमाशा होणार, आणि खोटं कशाला बोलू, मला तो तमाशा हवाच होता. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, तसंच, मासळीसारखं. आणि म्हणाल्या, "केवढी साफ कातडी हाय गो तुजी! कुणाची पोर तू? आमच्या सुनेला पण शिकव जरा." दीपाली लाजून हसली. मीही हसले. शिकवलं होतं मी तिला, त्याच्या आधीच. पेटीतली माझी स्वतःची नारिंगी कांडी तिच्या पर्समध्ये टाकली होती आणि बोटाने थोपटायचं कसं ते तिच्याच बोटाने करून घेतलं होतं. रात्रीचं मात्र मी तिला बजावलं, झोपताना धुवायचंच, नाहीतर कातडी सडेल. उशीला न लागणारं असं काही नसतं, सगळं लागतं. ती मान हलवत राहिली. मला वाटलं पटलं.

तू मला बघितलंस. मांडवात, खुर्च्यांच्या मागे. तू तरी ओळखलंस. मुंडावळ्या बाजूला सारून तू खिशातून मोबाईल काढलास आणि त्यात बघत बसलास. अक्षता डोक्यावर पडायच्या वेळी मोबाईल बघणारा नवरदेव मी पहिल्यांदा पाहिला. जिन्यात पायरी, घरात चमचा, मांडवात मोबाईल. तुला नेहमी काहीतरी सापडतं बघायला. तरी तू तिथे शेरवानीत कसा दिसत होतास ते मला अजून डोळे मिटले की दिसतं, आणि त्याबद्दल मला माझीच शिसारी येते. न जेवता निघाले. तुमच्या जिलेब्या तुम्हाला लखलाभ.

हे सगळं मी तुला लिहिणार नव्हते. लग्नाला दोन-अडीच महिने झाले, मी माझं गिळून बसले होते, म्हणजे शिकले होते गिळायला. पण परवा दीपाली पार्लरमध्ये आली. कांडी संपली म्हणाली. रोज लावली तरी ती कांडी सहा महिने पुरते. मी तिला खुर्चीत बसवून तोंड पुसलं तर डोळ्याखाली कातडी सोललेली, लाल, पुरळ उठलेलं, आणि त्या पुरळावर पुन्हा तेच थापलेलं. ती धुवतच नाही. तुझ्याशेजारी झोपताना लावून झोपते, आणि तू उठायच्या आत उठून पुन्हा लावते. उशीचे अभ्रे ती स्वतः धुते, सासूबाईंना हात लावू देत नाही, आणि तुझी आई शेजारणींना कौतुकाने सांगते, सून भारी टापटिपीची हाय. तू तिच्या बाजूला झोपतोस, दिपेश. तुला एकदाही दिसलं नाही? की तिथेही मोबाईल असतो? मी तिला खोटं सांगितलं, कांडी संपलीय, शनिवारी माल येणार आहे, तोवर कोरफड लाव. माल कपाटात भरलेला आहे. म्हणून हे पत्र. शनिवारच्या आत एका सकाळी तिच्या आधी ऊठ. मला माहीत आहे तुला जागं बसता येतं, एकदा एक पूर्ण दुपार तू बसला होतास. ती उठेल, तोंड लपवून मोरीकडे पळेल, तेव्हा तिला थांबव, अंगठा फिरव हवा तर, आणि म्हण, धुऊन टाक, राहू दे. मग स्वयंपाकघरात जा आणि आईसमोर तेच म्हण, चहा न ढवळता. माझ्यासाठी तुझ्या तोंडातून एक वाक्य निघालं नाही, ते मी सोडून दिलं. ते वाक्य आता तिला देऊन टाक, ती त्याच्यावरच जगणार आहे. शनिवारी मी पार्लरमध्ये माझंही तोंड धुऊन बसणार आहे, डोळ्याखाली जे आहे ते तसंच ठेवून. ती धुतलेल्या तोंडाने आली तर मी तिला चहा पाजीन आणि तुझं नाव या जन्मात पुन्हा घेणार नाही. कांडी मागायला आली, तर तिला खिडकीशी उजेडात बसवीन आणि म्हणेन, दीपाली, माझ्याकडे नीट बघ. तुमच्या घरी आधी आलेली ती रोगट पोरगी मीच.

कधीकाळी तुझीच होते ती,
उन्नती